गोल कुणाच्या अन्नाचा

परतीचा पाऊस उघडला, चार दिवस ऊन पडलं, की मी अजूनही गावाबाहेर जाऊन मूठभर माती उचलतो. दाबून गोळा करतो, छातीइतक्या उंचीवरून सोडतो. गोळा चिखलासारखा थापकन बसला तर थांबायचं. भुरभुर फुटला तर वापसा आला. शेतकरी हे पेरणीसाठी करतात. मला ना शेत ना बैल. मी हे फुटबॉलसाठी करतो, आणि फुटबॉल बंद होऊन जमाना झाला. सुनेला वाटतं, म्हातारा कामातून गेला. वाटू द्या. तिचं माहेर लातूर. लातूरच्या माणसाला नांदेडच्या माणसाबद्दल बरं वाटलं, असं मी आयुष्यात पाहिलं नाही, आणि पाहायची इच्छाही नाही.

निजामाच्या राज्याची ती शेवटची वर्षं. शेवटची आहेत हे तेव्हा आम्हाला ठाऊक नव्हतं, निजामालाही नसावं. नंतरचे वाईट दिवस अजून लांब होते. शाळेत सगळं उर्दूत चालायचं, घरात मराठीत, आणि मैदानावर फक्त शिव्यांत. नांदेडात गोदावरीच्या काठाला आमची शाळा, म्हणून ती घाटावरची शाळा. लातुरात बाजाराला लागून त्यांची, ती गंजातली शाळा. या दोन शाळांचा वर्षातून एकदा सामना व्हायचा. त्या एका सामन्यासाठी उरलेलं वर्ष होतं. लग्नं त्याच्या मागंपुढं ठरायची. नांदेडच्या मुलीला लातूरचं स्थळ आलं तर बाप आधी विचारायचा, मुलगा खेळत तर नाही ना?

आमची जमीन काळी. पावसात ती पाय धरते, उन्हाळ्यात भेगा पडून चेंडू गिळते. एकदा आमचा चेंडू भेगेत गेला तो पुढच्या साली बिलोलीच्या विहिरीत सापडला. खोटं वाटत असेल तर बिलोलीला जाऊन विचारा. विहीर अजून आहे. म्हणून खेळायचं ते मधल्या दिवसांत, वापसा आल्यावर. सामन्याची तारीख शाळा ठरवत नसे, इन्स्पेक्टर ठरवत नसे, माती ठरवायची. आणि मातीच्या वतीनं बोलायला लातूरहून यायचा बसलिंगअप्पा.

बसलिंगअप्पा गंजातला तुरीचा व्यापारी. स्वतः आयुष्यात कधी पळाला नव्हता. त्याच्या अंगाला पळणं परवडलं नसतं. पण लातूरच्या फुटबॉलचा तो बाप, आजा आणि कुलदैवत. सामन्याच्या आधी मैदान बघायला यायचा, कपाळाला भस्म, खांद्यावर उपरणं. माती हातात घ्यायचा, वास घ्यायचा, कधी जिभेला लावायचा आणि म्हणायचा, "वकीलसाहेब, तुमच्या मातीला पण मीठ न्हाई की हो!" वकीलसाहेब म्हणजे माझे वडील, अण्णा. अण्णांनी कोर्टात कधी आवाज चढवला नाही. मैदानाच्या कडेला मात्र ते असे काही शब्द वापरत, की पुढं शब्दकोश घेतला तेव्हा मी ते शोधत बसलो. सापडले नाहीत.

आता खेळाडू. शहरातली पोरं फुटबॉलला काही कामाची नव्हती. ती चेंडू आला की आधी धोतर सावरत. म्हणून दोन्ही शाळा खेड्यापाड्यांतून पोरं आणत. लातूरवाले निलंग्याकडून, किल्लारीकडून दांडगे गडी आणत आणि सहावीत बसवत. त्यांच्या एका बॅकचं पोर त्याच शाळेत तिसरीत होतं. सामना चालू असताना ते रडलं की बॅक त्याला कडेवर घ्यायचा आणि तसाच खेळायचा. हे मी डोळ्यांनी पाहिलं. ते पोर कडेवरून आमच्या फॉरवर्डला लाथा मारायचं.

आमच्याकडं हे काम ड्रिल मास्टरांचं. मास्टर हैदराबादेकडचे, मिशा मेणानं वळवलेल्या. सुट्टीत सायकल काढून लोह्याच्या बाजूला जात आणि शेताशेतांतून हिंडत. तिथंच त्यांना गणपा सापडला. ज्वारी राखत होता. गोफण घरी विसरलेला, म्हणून ढेकळं लाथेनं उडवत होता आणि पाखरं पडत होती. मास्टर बांधावर तास दीड तास बसून राहिले. मग सायकल तिथंच टाकून पळत गेले आणि गणपाच्या पायाला हात लावला. गणपा घाबरला, मुसलमान माणूस आपल्या पाया का पडतो म्हणून.

"मियाँ," मास्टर गावात परत येऊन अण्णांना म्हणाले, "पाँव नक्को बोलो उसको. तोप है तोप."

"शिकायचं आहे का त्याला?" अण्णांनी विचारलं.

"पढनाच है उसको. गिरदावर होतूँ बोलता," मास्टर म्हणाले.

गिरदावर म्हणजे महसुलाचा साहेब, जो घोड्यावर बसून गावागावाची पिकं तपासत फिरे. गणपाच्या गावात गिरदावर आला की पाटीलसुद्धा उभा राही. गणपाला फुटबॉलशी काही देणंघेणं नव्हतं. त्याला तो घोडा पाहिजे होता. मॅट्रिक झाल्याशिवाय घोडा नाही, नांदेडला राहिल्याशिवाय मॅट्रिक नाही, आणि नांदेडला राहायचं तर खायचं काय? घरून भाकरी यायला लोहा काही शेजारच्या आळीत नव्हतं.

त्याला उत्तर तयार होतं. वार. बाहेरगावच्या होतकरू मुलाला सात घरांनी सात दिवस वाटून घ्यायचे. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. मुलगा ओसरीवर जेवणार, आपलं पान आपण उचलणार, काही कमी पडलं तर मागणार नाही आणि वाढलं तर नको म्हणणार नाही. नको म्हटलं की त्या घराचा अपमान. अपमान झाला की तो वार गेला. पुण्याचं काम ते, वाडवडिलांपासून चालत आलेलं. आम्ही त्यात फुटबॉल घातला.

गणपाला आठवीत बसवला तेव्हा त्याला मिशी होती आणि हेडमास्तरांना नव्हती. त्याला सात वार लागायला एक दुपार पुरली. बुधवार आमचा. गुरुवार सराफांचा, रविवार डॉक्टरांचा. बाकीचे कापडवाला, आडत्या असल्या भल्या घरांतले. लातूरच्या आधी पावसाच्या उघडिपीत किरकोळ सामने होत; त्यातल्या पहिल्याच सामन्यात त्यानं मध्यावरून मारलेला चेंडू गोलकीपरच्या हातात गेला, आणि गोलकीपर चेंडूसकट गोलात गेला. तिथून थेट नदीत. पोहता येत होतं म्हणून वाचला.

त्या संध्याकाळी घाटावर सगळे बसले असताना सराफ सहज म्हणाले, "काल गुरुवार होता नाही का? आमच्याकडंच जेवला तो."

बस. एवढंच बोलले. पण त्या वाक्यानं नांदेडात आग लागली.

कारण मग प्रश्न निघाला, हा गोल कुणाच्या अन्नाचा? सराफांचं म्हणणं, आदल्या दिवशी पोटात गेलं तेच दुसऱ्या दिवशी पायात उतरतं. डॉक्टर म्हणाले, शास्त्र तसं नाही, अन्नाचं रक्त व्हायला पाच दिवस लागतात. म्हणजे गोल रविवारचा. अण्णांनी वकिली पॉइंट काढला, की ताबा ज्याचा त्याची मालकी, आणि आठवड्याच्या मधोमध बुधवार असल्यानं दोन्ही बाजूंचा ताबा आमचा. महिनाभर गावात दुसरा विषय नव्हता. प्रत्येक गोलानंतर एक घर मान वर करून बाजारात फिरायचं. बायकांचा हळदीकुंकवातला बसायचा क्रम बदलला. सराफीण वरण फोडणीला टाकताना म्हणे, "हे लातूरच्या गोलकीपरसाठी." गणपाच्या पानात आधी तूप आलं, मग साखर आली, मग आडत्याकडं बासुंदी आली. तो खाली मान घालून जेवायचा. पानाशेजारी उर्दूतलं पुस्तक उघडं ठेवायचा, घास तोंडात असताना ओठ हलायचे.

आई एकदा म्हणाली, "काय रे गणपा, देवाचं म्हणतोस का काही?"

"न्हाई काकू. गुणाकाराचं म्हणून राहिलो."

आता मला सांगा, इतक्या लाडात वाढलेल्या पोराचं वाईट कसं होणार? ऐका.

बिलोलीच्या पोरांशी एक साधा सामना होता. बिलोलीचा गोलकीपर इतका आंधळा की त्याला खांब कुठं आहेत हे सांगायला माणूस ठेवला होता. तरी त्या दिवशी गणपाचा चेंडू एकदा खांबाला लागला, एकदा त्या सांगणाऱ्या माणसाला. गोल झाला नाही. सामना बरोबरीत सुटला. संध्याकाळी घाटावर सगळे बसले. कुणीतरी विचारलं, "काल कुणाकडं जेवला होता हो?"

काल रविवार होता. डॉक्टर उठून गेले.

दुसऱ्या दिवशी गाव सांगत होतं, डॉक्टरीणबाईचं वरण पातळ असतं. तिसऱ्या दिवशी, त्या घरी तेल जुनं वापरतात. आठवड्याच्या शेवटी पोरांनी त्यावर गाणं केलं, मला अजून पाठ आहे, पण इथं छापता येणार नाही. पुढच्या रविवारी गणपा डॉक्टरांच्या ओसरीवर जाऊन बसला. दार उघडलं नाही. आतून भांड्यांचा आवाज येत होता, वासही येत होता. तो बसला, बराच वेळ बसला, मग नदीवर जाऊन पाणी प्याला.

गोलाचा मान पाहिजे होता सगळ्यांना; हुकल्याचा डाग कुणालाच नको होता. सराफांनी हिशेब केला, की पोर पुन्हा चुकलं तर आपल्या सुनेचं नाव निघेल. त्यांच्याकडं गुरुवारी अचानक सोवळं निघालं. कापडवाल्याकडं पाहुणे आले ते हललेच नाहीत. आडत्याची बायको माहेरी गेली आणि म्हणे चुलीची किल्ली घेऊन गेली. कुणी कुणाला सांगितलं नाही, कुणी ठराव केला नाही, पण एकेक दार बंद होत गेलं. उरला आमचा बुधवार. त्याबद्दलही अण्णांनी बाजारात बोलायचं बंद केलं. पोरानं मागच्या दारानं यायचं, असं ठरलं.

आई म्हणाली, "उरलेल्या दिवसांचं पण आपणच बघू की. दोन भाकरी जास्तीच्या."

"वेडी आहेस का?" अण्णा म्हणाले. "सगळे वार आपले झाले तर सगळे हुकलेले गोल आपले होतील."

उपाशी माणूस सरावाला येतो तेव्हा कसा दिसतो सांगू? गणपा चेंडूकडं असा बघायचा की आम्हाला वाटे आता चावणार. आम्ही पोरं हसायचो. एकानं शेणाची गोवरी पत्रावळीवर ठेवून त्याच्यासमोर धरली, "घे, सोमवार!" मैदान खो खो हसलं. मीही हसलो, विनोद चांगला होता. गणपानं चेंडू मांडला आणि मारला तो त्या पोराच्या कानाजवळून असा गेला, की त्या कानानं त्याला पुढं आयुष्यभर फक्त नदी ऐकू यायची. तसाच त्याला बोहल्यावर चढवला. मंगलाष्टकं दुसऱ्या कानानं ऐकली.

आणि अशात बसलिंगअप्पा माती बघायला आला.

पाऊस त्या साली रेंगाळला होता. माती ओली होती, अजून आठवडा तरी लागला असता. अप्पानं मूठ उचलली, दाबली, सोडली नाही. तशीच हातात धरून चहाच्या हॉटेलात गेला. तिथं बसून सहज विचारावं तसं विचारलं, "तुमचा तो गणपा सध्या कुणाकडं जेवतो म्हणे?" हॉटेलात सगळ्यांनी आपापल्या बशीत बघितलं. अप्पाला जे कळायचं ते कळलं. तो उठून मैदानावर परत आला, आणि मूठ डोक्यावर नेऊन मातीचा गोळा असा दाणकन आपटला, की दगड असता तरी फुटला असता.

"फुटला!" अप्पा म्हणाला. "वापसा आलाच की हो. येत्या गुरुवारी खेळू."

अण्णांचा चेहरा मी पाहिला. तारीख पुढं ढकला म्हणायचं तर कारण सांगायला पाहिजे होतं. आमचा गडी उपाशी आहे, त्याला आठ दिवस खाऊ घालतो, मग या, असं नांदेडनं लातूरला म्हणायचं?

"गुरुवार तर गुरुवार," अण्णा म्हणाले. "आमचं पोर खातंपितं आहे."

"दिसतंच हाय," अप्पा म्हणाला. "वाऱ्यानं उडून ऱ्हायलंय. दोरी बांधा, न्हाई तर पतंग समजून कोण काटंल."

झालं. नांदेडचं नाक कापलं गेलं. गुरुवारी सकाळी सातही घरांना एकाच वेळी एकच गोष्ट सुचली. लातूरवर गोल होणार, आणि तो आपल्या अन्नाचा असला पाहिजे. पहाटेपासून चुली पेटल्या. सराफांचा गडी गणपाला उचलून घेऊन गेला, कारण गुरुवार कागदोपत्री त्यांचाच, जिलबी होती. तिथून बाहेर पडतो तर दारात डॉक्टर स्वतः, ताकदीसाठी तुपातला शिरा. कापडवाल्याचे पाहुणे सकाळीच गेले होते, लाडू. आडत्याची बायको चुलीच्या किल्लीसकट परत आली होती, बासुंदी. आमच्याकडं पुरणपोळी. आईनं एक वाढली, अण्णांनी बाहेरून डोळे वटारले, तिनं चार वाढल्या. उरलेल्या दोन घरांत एका ठिकाणी भजी आणि दुसऱ्या ठिकाणी, पोट शांत राहावं म्हणून, परातभर दहीभात.

नको म्हणायची सोय नव्हती. आज ज्या घराला नको म्हणेल, त्या घराचा वार कायमचा जाईल, हे त्याला आमच्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. परीक्षेला अजून अख्खा हिवाळा होता. त्यानं सगळी पानं स्वच्छ केली. आमच्या ओसरीवरून उठताना खांब धरून उठला. मला वाटलं, किती बळ आलंय याला, खांब हलला.

सामन्याला सगळं नांदेड लोटलं होतं. झाडांवर माणसं, घाटावर माणसं, नदीत होड्या. लातूरचे लोक मोटारीच्या टपावर बसून आलेले, घसे आधीच बसलेले. माती ओलीच होती. दहा पावलं पळालं की पायाला जोडा तयार. गणपा मैदानाच्या मधोमध उभा राहिला तो बराच वेळ तिथंच उभा होता. चेंडू त्याच्या शेजारून गेला. पुन्हा आला, पुन्हा गेला. लातूरनं एक गोल केला.

"अरे पळ की रं, गिरदावरा!" एक ओरडला.

"त्याला उचलून ठेवा खांबाच्या जागी!"

अण्णांनी दोन नवीन शब्द तयार केले.

मग शेवटाकडं आम्हाला पेनल्टी मिळाली. सातही घरांचे कर्ते पुरुष पुढं सरकले, एकमेकांना कोपरानं ढकलत. हा गोल. हाच तो. गणपानं चेंडू मांडला, मागं गेला, पळत आला. एरवी वाघासारखा यायचा. त्या दिवशी भरलेल्या बैलगाडीसारखा आला. पाय उचलला आणि तसाच राहिला. मग वाकला. आणि वाकला तो थांबलाच नाही.

काळ्या मातीवर सात घरांचा स्वयंपाक पडला. जिलबी होती, शिरा होता, पुरण होतं. सातही घरं आपापला पदार्थ ओळखून गप्प होती.

चेंडू जागच्या जागी. लातूरवाले इतके हसले की त्यांचा गोलकीपर खाली बसला. त्या वेळी कुणी हळूच टिचकी मारली असती तरी गोल झाला असता. कुणाला सुचलं नाही. सामना गेला.

सामना संपल्यावर गावानं त्याला घेरलं. तो मातीत बसला होता, डोळे पाण्यानं भरलेले, ओकाऱ्यांनी भरतात तसे. बसलिंगअप्पानं तेवढं त्याच्यापुढं तांब्या धरला आणि म्हणाला, "तोंड धू पोरा. पुढच्या साली लातूरला ये. आमच्यात एका वेळी एकदाच जेवू घालतात." आणि हसत हसत मोटारीकडं गेला. ते हसणं सगळ्यांना लागलं. कुणाचं तरी नाव घ्यायलाच पाहिजे होतं.

"आज कुणाकडं जेवला हा?" गर्दीतून कुणीतरी विचारलं.

सराफ म्हणाले, "आमच्याकडं सोवळं आहे, चूलच नाही पेटली." डॉक्टर म्हणाले, ते सकाळपासून दवाखान्यात होते. कापडवाल्याकडं पाहुणे होते. आडत्यानं चुलीच्या किल्लीचं सांगितलं. अण्णा म्हणाले, "आमचा बुधवार. आज गुरुवार." वकिली होती ती, चोख.

मग मास्टर पुढं झाले. त्यांच्या मिशीचं मेण घामानं उतरलं होतं. "गणपत, तू बोल बेटा. किसके घर खाया?"

त्यानं मान वर केली आणि सगळ्यांकडं एकेक करून बघितलं. सराफ, डॉक्टर, अण्णा. एखादंही नाव घेतलं असतं तर ते घर नांदेडात राहिलं नसतं. आणि घेतलं नाही तर त्याला ती सात दारं उघडी राहणार होती. निदान त्याला तसं वाटलं असावं.

"कुणाकडंच न्हाई," तो म्हणाला. "उपाशीच खेळलो."

मातीवर सगळं तसंच पडलेलं होतं. त्याच्याभोवती दोनशे माणसं उभी होती, किंवा दोन हजार, मला विचाराल तर वीस हजार. एकानंही खाली बघितलं नाही. सातही कर्त्यांनी श्वास सोडला. आणि मग सराफांनी, ज्यांची जिलबी सगळ्यात वर होती, कपाळाला हात लावला आणि म्हणाले, "उपाशी! अरे मग सांगायचं नाहीस होय? गावाची अब्रू घालवलीस. असल्या लबाड पोराला कोण जेवू घालील?"

"खरंय," डॉक्टर म्हणाले.

"खरंय," अण्णा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी तो आमच्या मागच्या दाराशी आला, पत्र्याची पेटी खांद्यावर. आईनं अण्णा कोर्टात गेल्याचं बघून पान मांडलं. "बस, दोन घास खा. लोहा लांब आहे."

"नको काकू," गणपा म्हणाला.

आई वाढलेलं पान घेऊन दारात तशीच उभी राहिली. तो गल्लीच्या टोकाला वळला.

तो गिरदावर झाला नाही. लोह्याकडून येणाऱ्यांना मी पुढं विचारायचो. कुणी म्हणे ज्वारी राखतो, कुणी म्हणे हैदराबादेला गेला, कुणी तर शपथेवर सांगे की तो बसलिंगअप्पाकडं पोती उचलतो. घोड्यावर बसलेला मात्र कुणी पाहिला नाही, आणि यातले निम्मे लोक माझ्याइतकेच खोटं बोलणारे होते.

आता त्या मैदानावर शिकवण्यांच्या इमारती आहेत. दोन्ही गावं अजून खेड्यापाड्यांतून पोरं उचलतात, नाही असं नाही. फक्त पायांऐवजी डोकी बघतात. चौकाचौकात फलकांवर हसऱ्या पोरांचे फोटो. पहिल्या येणाऱ्याला खाणं-राहणं फुकट. ज्यांचे फोटो नाहीत ती पोरं कुठं जेवतात, हे मी एकदा शिकवणीवाल्याला विचारलं. तो म्हणाला, "आजोबा, कोणती पोरं?"

त्या साली दिवाळी झाली आणि मास्टर पुन्हा सायकलवर निघाले. या खेपेला बिलोलीकडं. आठवड्यानं एक काटकुळा, लांब पायांचा मुलगा मागं बसवून आले. आमचाच दरवाजा पहिला लागतो, म्हणून आधी आमच्याकडं आणला. तो प्रवासानं दमलेला, सकाळपासून पोटात काही नसलेला. ओसरीवर पाटावर जाऊन बसला आणि हात धुवून वाट बघू लागला. आई गरम भाकरी घेऊन बाहेर आली.

अण्णांनी हात आडवा केला. "थांब," ते म्हणाले, आणि मास्टरकडं वळले. "याची पहिली मॅच कधी आहे?"